आमदाराचे मोजमाप : शशिकलाताईंची कारकीर्द

(देवळाच्या सभामंडपात शेतकरी व मच्छीमार मंडळींपुढे दिलेले भाषण)



आमदार कशासाठी निवडून द्यायचा, हा प्रश्न आपण निवडणुकीच्या वेळी क्वचितच विचारतो. वाड्यावर दिवा आला, रस्ता डांबरी झाला, मुलाला नोकरी लागली, की आमदार चांगला. ही कामे लागतातच. पण ती पंचायतीकडून होतात, खात्याकडूनही होतात. विधानसभेचे खरे काम कायदा करण्याचे. आम्हां शिक्षकांना प्रशिक्षणात एक गोष्ट पक्की शिकवलेली असते. पाठ घेऊन झाला म्हणून काम संपत नाही; मुलाच्या पदरात काय पडले, ते तपासायचे असते. आमदारालाही हीच कसोटी लावू या. त्यासाठी आज शशिकलाताई काकोडकरांची कारकीर्द घेतो.

ताई भाऊसाहेब बांदोडकरांच्या कन्या. जानेवारी १९६७ मध्ये जनमत कौल झाला आणि विलीनीकरणाची बाजू ३४ हजारांवर मतांनी हरली. ज्या मागणीवर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभा राहिला, तीच मागणी पडली. पण लोकांनी पक्षाला टाकले नाही. त्याच वर्षी मार्चमधल्या निवडणुकीत पक्ष पुन्हा सत्तेवर आला आणि ताई पहिल्यांदा विधानसभेत गेल्या. १९७२ साली त्या डिचोलीतून निवडून आल्या व राज्यमंत्री झाल्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेब गेले आणि मुख्यमंत्रिपदाची जबाबदारी ताईंवर आली. वय अवघे ३८. देशातल्या त्या तिसऱ्या महिला मुख्यमंत्री.

वडिलांच्या पुण्याईवर खुर्ची मिळाली, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण खुर्ची मिळाल्यावर काय केले, ते पाहा.

पहिली गोष्ट कुळांची. भाऊसाहेबांच्या वेळी, १९६४ साली, कूळ कायदा आला. त्याने कुळाला संरक्षण दिले, खंडावर मर्यादा घातली. तरीही जमीन भाटकाराचीच राहिली. नांगर कुळाचा आणि नाव भाटकाराचे, अशी ती अवस्था. ताईंच्या सरकारने १९७६ साली या कायद्याला पाचवी दुरुस्ती केली. २० एप्रिल १९७६ हा कसणाऱ्याचा दिवस ठरला. त्या दिवशी जो कूळ होता, त्याने जमीन विकत घेतली असे कायद्याने मानले गेले. किंमत मामलेदाराने ठरवायची, कुळाने ती भरायची, आणि मग मामलेदाराने खरेदीचा दाखला द्यायचा. भाटकार गप्प बसले नाहीत, ते न्यायालयात गेले. शेवटी १९८४ साली सत्तेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हा कायदा राज्यघटनेच्या नवव्या अनुसूचीत घातला गेला.

दुसरी गोष्ट मुंडकारांची, आणि ती समुद्रकाठच्या मंडळींनी नीट ऐकावी. माडांच्या भाटात झोपडी, डोक्यावर शाकार, आणि भाटकाराची मर्जी गेली की उठा, असे दिवस आपल्या वाडवडिलांनी काढले. भाटात राहायचे म्हणून भाटकाराच्या घरची कामेही करावी लागत. १९७५ च्या मुंडकार कायद्याने घरातून हुसकावणे बंद केले आणि घर व त्याच्या भोवतीची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. पायाखालची जमीन आपली म्हणता येऊ लागली, ती या कायद्यामुळे.

आता उणी बाजूही सांगतो, कारण एकाच बाजूने तपासलेला पेपर खरा नसतो. याच वर्षांत ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन मासळी ओढू लागले. रापणकारांच्या जाळ्यात काही राहीना. त्यांनी मोर्चे काढले, उपोषणे केली. किनाऱ्याजवळचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवता येईल असा कायदा ताईंच्या कारकिर्दीत झाला नाही. तो झाला १९८० साली, दुसऱ्या सरकारच्या वेळी, आणि तोही रापणकारांनी रस्त्यावर उतरून भांडल्यावर. कुळाला आणि मुंडकाराला जे दिले, ते रापणकाराला वेळेवर दिले गेले नाही. हे त्यांच्या खात्यावर उणेच मांडले पाहिजे.

एप्रिल १९७९ मध्ये पक्षाचे तीन आमदार फुटले. सभागृह तीस जणांचे, त्यात तिघे म्हणजे थोडे नव्हेत. अर्थसंकल्पातील मागणीवर सरकार हरले, राष्ट्रपती राजवट आली, आणि १९८० च्या निवडणुकीत पक्ष सात जागांवर आला. त्यानंतर ताई काँग्रेसमध्ये गेल्या, तिथून बाहेर पडून भाऊसाहेबांच्या नावाने वेगळा पक्ष काढला, आणि अखेर मूळ पक्षात परतल्या. या फिरण्याने त्यांच्या माणसांचा गोंधळ झाला, पक्षाची ताकदही विखुरली.

पण विधानसभेतले काम तिथे संपले नव्हते. १९८९ साली त्या मयेतून निवडून आल्या आणि १९९० मध्ये शिक्षणमंत्री झाल्या. प्राथमिक शिक्षण मुलाच्या भाषेतून देणाऱ्या शाळांनाच सरकारी अनुदान, असा निर्णय त्यांनी घेतला. गावातल्या मराठी शाळांना त्याने आधार मिळाला. २०११ साली सरकारने हे धोरण बदलले, तेव्हा वयाच्या पंचाहत्तरीनंतरही ताई आंदोलनाच्या पुढे उभ्या राहिल्या. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांचे निधन झाले.

मंडळी, सरकार पडले, पक्ष फुटला, माणूसही गेला. कायदा मात्र उरला. पण कायदा आपल्या पायांनी घरी चालत येत नाही. कुळाचा किंवा मुंडकाराचा दावा मामलेदाराकडे पडून आहे, आजोबा गेले, वडील गेले आणि कागद तसाच, अशी घरे आजही गावोगावी आहेत. म्हणून दोन कामे करा. घरी गेल्यावर एक-चौदाचा उतारा काढून पाहा. कुळाच्या रकान्यात तुमच्या घरातले नाव आहे का, किंमत भरली का, खरेदीचा दाखला हाती आहे का, ते तपासा. मुंडकार असाल तर मुंडकारांच्या नोंदवहीत नाव आहे का, ते विचारा. लेखनाला मदत हवी असेल तर शाळेत या, आम्ही शिक्षक बसून अर्ज लिहून देऊ.

आणि पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की त्याला चहा द्या, पण विचारा : बाबा, कुळाच्या, मुंडकाराच्या, रापणकाराच्या कोणत्या कायद्यावर तू विधानसभेत तोंड उघडलेस? त्याचे उत्तर ऐका आणि मग मत कोणाला द्यायचे ते ठरवा.