डायपर संपलेत, हे सांगायचं कोणी?

आजचा विषय पाळणाघर. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठेही जा, सोसायटीत एखाद्या काकूंकडे चार-पाच मुलं असतातच. २०१७ च्या कायद्याने पहिल्या दोन बाळांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची केली. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोयही सक्तीची झाली. पण सहा महिन्यांचं बाळ घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढणार कोण? म्हणून घराजवळच्या काकू.

आता खरी गोची. डायपर संपतात, काकू संकोचतात आणि पदरचे पैसे घालून आणतात. बोलत नाहीत, पण मनात साठतं. मग एक दिवस, "पुढच्या महिन्यापासून नाही जमणार." झालं! तुमची नोकरी अडली, त्यांचंही उत्पन्न गेलं.

म्हणून पहिल्याच दिवशी कागदावर लिहा: फीमध्ये काय, घरून काय. दर गुरुवारी काकूंचा व्हॉट्सॲप मेसेज: "डायपर ६ उरलेत, वाइप्स संपत आलेत." खरेदी शनिवार-रविवारी. मेसेज आई-बाबा दोघांना, आणि वेगळा. ग्रुपवर नाव घेऊन मागितलं की माणूस दुखावतो.

जुनी खेळणी, कपडे द्यायचेत? जरूर, पण आधी विचारा. वन-बीएचकेत जागा किती असणार! धुऊन द्या. बटण सेलची, सुटे भाग निघणारी खेळणी नकोत. आणि दिलेली वस्तू फीमधून वळती करू नका.

आज बाळाला घ्यायला गेलात की एवढंच विचारा, "काकू, काय संपलंय?" भेटू पुढच्या भागात!