शरीराला भार हवा

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त चांदवड येथे एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा हा लिखित भाग.)



मी शास्त्रज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर असलेला मी एक माहिती अधिकारी आहे. शास्त्रज्ञांनी जे शोधले ते लोकांपर्यंत लोकांच्या भाषेत पोचविणे, एवढेच माझे काम. आपल्या शरीरातील पेशींना दाब, ओढ आणि भार कसा कळतो आणि तो कळल्यावर त्या काय करतात, हा आजचा विषय आहे. विषय सूक्ष्म खरा. परंतु त्याचा संबंध आपल्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या आरोग्याशी आहे.

द्राक्षवेलीची साक्ष

चांदवड तालुक्याला द्राक्षबागा नव्या नाहीत. वेलीचा तणावा हवेत चाचपडत असतो आणि मांडवाच्या तारेचा स्पर्श होताच तिच्याभोवती गुंडाळू लागतो, हे आपण नेहमी पाहतो. त्याला डोळे नाहीत, मज्जातंतूही नाहीत. स्पर्श झालेल्या बाजूच्या मानाने विरुद्ध बाजूची वाढ अधिक होते आणि तणावा वळतो. चार्ल्स डार्विन यांनी वेलींच्या या हालचालींवरील आपला प्रबंध १८६५ साली प्रसिद्ध केला. लाजाळूचे पान मिटते, तेव्हाही देठाच्या बुडाशी असलेल्या पेशींतून पाणी बाहेर पडलेले असते. तात्पर्य, स्पर्श आणि ओढ जाणण्याची शक्ती पेशीतच आहे.

पेशीचे दार

प्राण्यांच्या पेशींत ही शक्ती नेमकी कशात आहे, हे मात्र फार काळ गूढ राहिले. अमेरिकेतील शास्त्रज्ञ आर्डेम पॅटापुटियन आणि त्यांचे सहकारी बर्ट्रांड कोस्ट यांनी अत्यंत चिकाटीने ते उकलले. बारीक काचनळीने टोचताच सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण करणाऱ्या पेशी त्यांनी घेतल्या. या गुणास कारण असू शकतील अशी ७२ जनुके निवडली आणि ती एकेक करून निष्क्रिय केली. यादीतील अगदी शेवटचे जनुक बंद केल्यावर पेशी टोचण्याला दाद देईनाशी झाली! दाब या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ‘पिएझो’ हे नाव देण्यात आले. हे संशोधन २०१० साली प्रसिद्ध झाले आणि २०२१ साली पॅटापुटियन यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

पिएझो प्रथिन हे पेशीच्या आवरणात बसविलेले, तीन पात्यांच्या पंख्यासारखे एक दारच होय. आवरण ताणले की दार उघडते, कॅल्शियमसारखे विद्युतभारित कण आत शिरतात आणि पेशीला वर्दी मिळते. जन्मतःच ज्यांच्यात दुसऱ्या प्रकारचे पिएझो काम करीत नाही, अशा व्यक्तींना डोळे मिटल्यावर आपला हात कोठे आहे हेसुद्धा सांगता येत नाही.

पेशी जमीन चाचपते

पेशीला केवळ धक्काच कळतो असे नव्हे. ती ज्या पायावर उभी आहे तो मऊ की कठीण, हेही तिला उमगते. २००६ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात अस्थिमज्जेतील मूलपेशी निरनिराळ्या कठीणपणाच्या थरांवर वाढविण्यात आल्या. मेंदूइतक्या मऊ थरावर त्यांनी चेतापेशींचे, स्नायूइतक्या घट्ट थरावर स्नायूपेशींचे आणि अधिक कठीण थरावर अस्थिपेशींचे वळण घेतले. या संशोधकांपैकी एक, शमिक सेन, पुढे मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापक झाले, ही आपल्या राज्याच्या दृष्टीने उल्लेखनीय गोष्ट होय.

हाड जिवंत आहे

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. हाड म्हणजे निर्जीव दगड, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः हाडाच्या आत असंख्य पेशी कोंदणातल्या खड्यांप्रमाणे बसलेल्या असतात. त्यांच्या बारीक शाखा द्रवाने भरलेल्या नलिकांतून परस्परांशी जोडलेल्या असतात. आपण चालतो तेव्हा हाड किंचित वाकते, नलिकांतील द्रव हलतो आणि पेशींना भाराची वार्ता कळते. मग हाडाची बांधणी रोखून धरणारे एक प्रथिन त्या कमी सोडतात आणि नवे हाड घडू लागते. भार थांबला की उलट क्रम सुरू होतो. हाड भारानुसार स्वतःला घडवते, हा सिद्धांत जर्मन शल्यचिकित्सक यूलिउस वोल्फ यांनी १८९२ साली मांडला होता. टेनिसपटूच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. उलट, अंतराळवीरांच्या कमरेच्या हाडांची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का घटते. म्हणून त्यांना तेथे रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो.

घरातील अंतराळवीर

अंथरुणाला खिळलेली आपली आजी ही एका अर्थी घरातील अंतराळवीरच आहे. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे मुळातच झपाट्याने विरळ होऊ लागतात. त्यात ‘आता तुम्ही काही करू नका, नुसते बसून राहा’ असे आपण प्रेमाने सांगतो. मायेपोटी दिलेली ही विश्रांती हाडांना भाराच्या वार्तेपासून वंचित करते. पुढे साध्या पडण्याने खुब्याचे हाड मोडते आणि अनेक वृद्ध पुन्हा स्वतःच्या पायांवर उभे राहत नाहीत.

मात्र येथे एक खुलासा आवश्यक आहे. डोक्यावरून पाण्याचे हंडे वाहणाऱ्या किंवा कांद्याच्या गोण्या उचलणाऱ्या भगिनींच्या कष्टांचे समर्थन या शास्त्रात नाही. अतिभाराने मणके आणि सांधे झिजतात. पेशींना हवा असतो तो बेताचा, कमीजास्त होणारा आणि विश्रांतीने खंडित झालेला भार. सकाळचे चालणे, आधार धरून खुर्चीतून उठण्याबसण्याचा व्यायाम, पायऱ्यांची थोडी चढउतार एवढेही वृद्धांना उपकारक आहे. जोडीला कोवळे ऊन, दूध आणि आपल्या जिल्ह्यातील नागलीची भाकरी असावी. अस्थिभंग झालेल्या रुग्णाला लवकर उभे करण्याविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे आणि ते सांगतील त्या मर्यादेतच हालचाल करवावी.

वेलीला तार द्यावी लागते, तशी वार्धक्याला हालचालीची संधी द्यावी लागते. आज घरी गेल्यावर आपल्या आईवडिलांना ‘बसून राहा’ म्हणण्याऐवजी ‘चला, वेशीपर्यंत जाऊन येऊ’ असे म्हणावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.