ओतीव धातूच्या पोटांतील पोकळी



स्कूटरच्या यंत्राचें कवच, विजेच्या पंख्याची टोपी किंवा मोटारीच्या गिअरपेटीचें झाकण हातीं घेतलें, म्हणजे तें अॅल्युमिनियमचा एकसंध ठोकळा कोरून केलें असावें असें वाटतें. वस्तुतः तें ओतलेलें असतें. आणि ओतलेल्या वस्तूच्या पोटांत काय दडलें आहे, हें तिच्या गुळगुळीत चेहऱ्यावरून ओळखतां येत नाहीं. या दडलेल्या पोकळीविषयीं, कारखान्यांतील लोक जिला ब्लोहोल किंवा पोरॉसिटी म्हणतात तिच्याविषयीं, आज मी बोलणार आहें.

मुळशी तालुक्यांत, हिंजवडीच्या बाजूला, जांबे नांवाचें गांव आहे. पिंपरी-चिंचवडच्या उद्योगनगरीजवळच्या या भागांत शेतांच्या कडेला आतां पत्र्याच्या छपरांच्या लहान यंत्रशाळा उभ्या राहिल्या आहेत. तेथल्या एका ओतशाळेंत मीं पाहिलेला प्रसंग सांगतों. तेलाच्या टांकीवर बसणारें एक झाकण तेथें ओतीत असत. एका महिन्यांत तीं झाकणें गिऱ्हाइकाकडून ढिगानें परत आलीं. पाण्यांत बुडवून आंतून हवेचा दाब दिला कीं त्यांतून बुडबुडे निघत. मालकांनीं दोष यंत्रावरील कामगाराच्या माथीं मारला, त्याला त्या यंत्रावरून काढलें, आणि दट्ट्याचा वेग व दाब दोन्ही वाढविले. गळणारीं झाकणें मात्र कमी होण्याऐवजीं वाढलीं.

असें कां व्हावें, हें समजण्यासाठीं यंत्राची रीत पाहूं. पोलादी साच्याचे दोन अर्धे प्रचंड जोरानें आवळून धरलेले असतात. ६५० ते ७०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलेला धातूचा रस पळीनें एका आडव्या नळकांड्यांत ओततात व दट्ट्या तो पुढें लोटतो. प्रथम दट्ट्या सावकाश, सेकंदाला पाव ते अर्धा मीटर चालतो. रस साच्याच्या दाराशीं आला कीं तो एकदम सेकंदाला २ ते ५ मीटर वेग घेतो. अरुंद दारांतून रस सेकंदाला ३० ते ६० मीटर वेगानें आंत शिरतो, आणि सबंध साचा सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आंत भरतो. मग रस थिजेपर्यंत वातावरणाच्या ४०० ते १००० पट दाब त्यावर धरून ठेवतात.

एवढा दाब असतां पोकळी राहतेच कशी? याचें उत्तर असें कीं, पोकळी या एका नांवाखालीं दोन निराळे रोग वावरत असतात.

पहिला रोग कोंडलेल्या हवेचा. अरुंद तोंडाच्या बाटलींत घाईनें पाणी ओतलें तर तें डबडबत पडतें, कारण आंतल्या हवेला बाहेर येण्यास वाट मिळत नाहीं. यंत्राचें नळकांडें रसानें पुरतें भरलेलें नसतें. वर हवा असते. दट्ट्या पहिल्या टप्प्यांतच घाईनें चालला, तर रसाची लाट उसळून स्वतःवरच कोसळते आणि हवा पोटांत घेते. साच्यावर फवारलेल्या वंगणाची वाफही तींत मिसळते. ही पोकळी कापून पाहिली असतां गोल व आंतून गुळगुळीत दिसते.

दुसरा रोग आकसण्याचा. कढविलेलें तूप थिजलें, म्हणजे बरणीच्या मध्यावर खळगा पडतो, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. कडा आधीं थिजतात, मध्य मागाहून. सारी तूट मध्यावर येते. अॅल्युमिनियम थिजतांना आकारमानानें शेंकडा सुमारें ६ आकसतो. जेथें भाग जाड तेथें रस शेवटीं थिजतो, आणि तोंवर नवा रस पुरविणारी अरुंद वाट बंद झालेली असते. ही पोकळी वेडीवांकडी व खरखरीत असते.

छापखानेवाल्यांना हे दोन्ही रोग जुनेच ओळखीचे. साच्यांत धातु दाबून भरण्याची ही विद्या मूळ टाइपाच्या खिळ्यांसाठीं निघाली. १८४९ सालीं अमेरिकेंत स्टर्जेस यांनीं तशा यंत्राचें पेटंट घेतलें. आपल्याकडे जावजी दादाजी यांचा, १८६९ सालीं निघालेला निर्णयसागर छापखाना ज्या सुबक देवनागरी खिळ्यांनीं नांवाजला, ते खिळेही ओतीवच. खिळ्यांच्या शिशांत अँटिमनी मिसळतात, त्याचें एक कारण हेंच कीं, त्यामुळें धातु थिजतांना फार थोडा आकसतो.

आतां जांब्याच्या झाकणाकडे वळूं. आम्हीं चार झाकणें करवतीनें कापलीं. आंतील छिद्रें गोल व गुळगुळीत होतीं. म्हणजे रोग हवेचा होता, आणि वेग वाढवून मालकांनीं त्याला खतपाणीच घातलें होतें. मग त्या कामगाराला बोलावलें. तो म्हणाला, "साहेब, झाकणाच्या कडेला रोज एक पातळ जिभली येत असे, ती पंधरा दिवसांपासून येत नाहीं. मी सांगितलें होतें." साच्यांत हवा बाहेर जाण्यासाठीं मिलिमीटरच्या दशांशाएवढ्या खोलीच्या वाटा कोरलेल्या असतात; त्यांत शिरलेला रस जिभलीच्या रूपानें थिजतो. जिभली येत नाहीं याचा अर्थ वाटा बुजल्या होत्या. त्या साफ केल्या, पहिल्या टप्प्याचा वेग उतरविला, वंगणाचा फवारा बेताचा केला. गळती अगदीं थोड्यावर आली. त्या कामगारास त्याचें यंत्र परत मिळालें.

छिद्रें खरखरीत असतीं, तर उपाय सर्वस्वीं निराळे करावे लागते. जाड भाग आंतून पोखरून पातळ करणें, साच्याच्या त्या जागीं पाण्याची नळी खेळवून तो लवकर थंड करणें, रसाचें दार जाड भागाजवळ आणणें आणि अखेरचा दाब वेळेवर पोंचविणें, हे ते उपाय होत. एका रोगाचें औषध दुसऱ्यास दिलें तर पैसा जातो आणि निरपराध माणसावर ठपका येतो.

मुळशीच्या पावसाळ्यांत आणखी एक दक्षता हवी. तापलेला अॅल्युमिनियम पाण्याच्या वाफेंतून हायड्रोजन शोषून घेतो. आणि द्रव धातूंत तो जेवढा मावतो, त्याच्या सुमारें विसावा भागच घन धातूंत मावतो. बाकीचा बाहेर येतांना बारीक छिद्रें करितो. म्हणून धातूच्या विटा व पळ्या भट्टीशेजारीं सुकवून तापवाव्या, आणि रसांतून नायट्रोजन किंवा आर्गॉन वायु सोडून हायड्रोजन काढावा.

क्षकिरणयंत्र नसलेल्या लहान कारखानदारासही एक परीक्षा करतां येते. या मिश्रधातूच्या घनसेंटिमीटराचें वजन सुमारें २.७ ग्रॅम असतें. ५४० ग्रॅमच्या तुकड्यानें २०० घनसेंटिमीटर पाणी सारावें. तो २०४ सारीत असेल, तर त्याच्या पोटांत शेंकडा सुमारें २ पोकळी आहे.

ती समूळ नाहींशी करणें बहुधा शक्य नसतें. ओतीव भागाची वरची त्वचा मात्र भरीव असते, म्हणून ती तासून फार काढूं नये. तेलाच्या झाकणाचीं अगदीं बारीक छिद्रें निर्वात भांड्यांत राळ मुरवून बुजवितां येतात. परंतु जेथें मोठा ताण बसतो, त्या ब्रेकच्या भागांत हीच पोकळी तड्याचें मूळ होते, आणि राळेनें धातूला बळ येत नाहीं. अशा भागाची पोकळी ओततांनाच टाळली पाहिजे. त्यासाठीं करवत हवी, वजनकांटा हवा, आणि यंत्रापाशीं आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाचें म्हणणें ऐकून घेण्याची तयारीही हवी.