फासाआधी फिर्याद



बालकांवरील अत्याचारास आजच्याहून कठोर शिक्षा, अगदी फाशीही, हवी, अशी मागणी करणारा जो ठराव या मेळाव्यापुढे यावयाचा आहे, त्यास माझा विरोध आहे, आणि अध्यक्षपदाच्या शिष्टाचारापायी तो विरोध गिळून बसण्याची माझी तयारी नाही.

भोपाळच्या ज्या महाराणा प्रताप नगरात आपण जमलो आहो, तेथील शिकवणीच्या वर्गातून ३१ ऑक्टोबर २०१७ च्या सायंकाळी हबीबगंज स्थानकाच्या दिशेने निघालेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीवर रुळांलगत सामूहिक अत्याचार झाला. आणि आईवडील दोघेही खाकी गणवेशाच्या सेवेत असताना, त्या मुलीला दुसऱ्या दिवशी महाराणा प्रताप नगर, हबीबगंज आणि रेल्वे पोलीस अशा ठाण्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, कारण गुन्हा कोणाच्या हद्दीतला याचा निवाडा फिर्याद लिहून घेण्याहून अगत्याचा ठरला. ती मुलगी सज्ञान होती, हे खरे. परंतु जे ठाणे सज्ञान मुलीला दारातून परतवते, त्याच्या मेजापुढे सात वर्षांचे पोर काय बोलणार? पुढे काही अधिकारी निलंबित झाले, आरोपींना त्याच वर्षाच्या डिसेंबरात जन्मठेप झाली, आणि ४ डिसेंबर २०१७ रोजी मध्य प्रदेश विधानसभेने बारा वर्षांपर्यंतच्या मुलींवरील बलात्कारास फाशीची तरतूद करणारे विधेयक संमत केले. आजार ठाण्याच्या उंबरठ्यावर होता आणि औषध फासाच्या दोरीत शोधले गेले, ही माझी तक्रार आहे.

वस्तुतः बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा उंबरठ्याचाच विचार करून रचलेला आहे. गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांस कळवावी. मूल स्वतः माहिती देत असेल तर त्याला कळेल अशा सोप्या भाषेत ती लिहावी. मुलाला ती भाषा येत नसेल तर दुभाषा द्यावा. जबानी मुलाच्या घरी वा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, गणवेश न घालता घ्यावी. रात्री त्याला ठाण्यात थांबवू नये. चोवीस तासांत बालकल्याण समितीस आणि विशेष न्यायालयास खबर द्यावी. इतके असूनही माहिती दडविणाऱ्यास शिक्षा किती? सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा नुसता दंड. आपल्या हाताखालच्या माणसाचे कृत्य दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास फार तर एक वर्ष.

या तरतुदीचे आपल्या महाराष्ट्रात काय झाले ते पाहा. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टराने माहिती दिली नाही असा आरोप होता, तरी त्याच्यावरील फिर्याद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केली, आणि ती पुनरुज्जीवित करण्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले. २ नोव्हेंबर २०२२ रोजी त्या न्यायालयाने खबर न देणे हाही गंभीर गुन्हा असल्याचे बजावले. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेत अत्याचार झालेल्या शिशुवर्गातील दोन मुलींच्या पालकांना फिर्याद नोंदली जावी म्हणून ठाण्यात तासन्‌तास तिष्ठत बसावे लागले, लोक रुळांवर उतरले, आणि शाळेने खबर का दिली नाही हे मुंबई उच्च न्यायालयास विचारावे लागले.

आता आपल्याविषयी, कारण सरकारवर ताशेरे ओढून आपण मोकळे होऊ शकत नाही. परमुलखात राहणारा मराठी समाज आपल्या वसतिगृहांना, वर्गांना आणि मंडळांना जिवापाड जपतो. परंतु त्या जपण्यातच, ‘संस्थेची अब्रू जाईल, मुलीचे लग्न अडेल, चार वडीलधारे बसून मिटवू’ असे सांगणारा एक चिटणीस हरघडी दबा धरून असतो. त्याला आपण समंजस म्हणतो. मी त्याला कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार आणि मुलाच्या दृष्टीने दुसरा अत्याचारी म्हणतो, मग तो कितीही जुना कार्यकर्ता असो.

फौजदारी कायदा हा समवर्ती सूचीतील विषय आहे. राज्यास त्यात राष्ट्रपतींच्या संमतीने दुरुस्ती करता येते. तेव्हा ठरावातील फाशीचे वाक्य खोडून मी पुढील मजकूर सुचवितो: खबर दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास किमान कैद असावी, जी केवळ दंड भरून चुकविता येणार नाही, हद्दीचे कारण सांगून बालकाची फिर्याद परतविणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी त्याच्या ठाण्याबाहेरील अधिकाऱ्याने करावी, आणि फिर्यादी केव्हा आला व फिर्याद केव्हा लिहिली गेली, या दोन्ही वेळा रोजनामच्यात नोंदून त्याची प्रत पालकाच्या हाती द्यावी. मूळ ठराव आहे तसाच मतास टाकावयाचा असेल, तर त्यापूर्वी माझ्या या दुरुस्तीवर हात वर करून मत नोंदवावे, आणि विरोधात जे हात वर होतील त्यांची नावे कार्यवृत्तात लिहावीत.