शेगडीचा वायू आणि छातीतले पाणी



आपल्या वऱ्हाडातला उन्हाळा जसा कडक, तशी पौषातली थंडीही बोचरी. अकोला-अमरावतीकडे खेड्यापाड्यांतून बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेण्याची रीत जुनी आहे. घरात कोणाच्या छातीत पाणी झाले, तर त्यालाही ऊब हवी म्हणून तोच शेक. या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूविषयी मला आज बोलायचे आहे.

कोळसा अपुऱ्या हवेत जळला की हा वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. निखाऱ्याला धूर नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. खरे भय तिथेच.

गंमत अशी, की हाच वायू आपले शरीरही अल्प प्रमाणात तयार करते. स्वीडनचे शोस्ट्रांड यांनी १९४९ साली हे दाखविले. मुका मार लागला की डाग आधी काळानिळा, मग हिरवट होतो, तो रक्तातील हीम हे द्रव्य फुटते म्हणून. ते फोडणारे विकर म्हणजे हीम ऑक्सिजनेज. त्या क्रियेत हा वायू सुटतो. १९९६ साली लंडनच्या संशोधकांनी मोठ्या उंदरांच्या फुफ्फुसावरणाला मुद्दाम सूज आणून पाहिले. हे विकर वाढविले तेव्हा सूज ओसरली, रोखले तेव्हा वाढली. २००० साली अमेरिकेत उंदरांना हा वायू अगदी थोडा, मोजून हुंगविला, तेव्हाही दाह कमी झालेला आढळला.

मग शेगडी औषधी का म्हणू नये, असे हुशार विद्यार्थी विचारतीलच. प्रयोगशाळेत हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग, हे मोजलेले असते. बंद खोलीत मोजणार कोण? ज्याचे फुफ्फुस पाण्याने दबले, त्याला प्राणवायू आधीच अपुरा; उरलेला शेगडी हिरावते. शिवाय आपल्या देशात छातीत पाणी होण्याचे एक मोठे कारण क्षयरोग, आणि शेकाने क्षयाचे जंतू मरत नाहीत. सुईने थोडे पाणी काढून तपासावे लागते. क्षय निघाला तर सरकारी दवाखान्यात औषधे मोफत मिळतात. ती किमान सहा महिने घ्यावी लागतात. अकोल्यास तर २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

शेक द्यायचाच तर रबरी पिशवीत गरम पाणी भरून द्यावा, शेगडी अंगणातच राहू द्यावी. घरच्या आजीबाईंना हे पटविणे वर्गात भूगोल शिकविण्याइतके सोपे नाही, हे मी जाणतो. तरी शेगडीच्या खोलीत कोणाचे डोके जड झाले, तर आधी दार उघडावे, त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि लगेच दवाखाना गाठावा.