वेदना आणि अफूची औषधे

अनारशावर आपण जी खसखस लावतो, ती ज्या झाडाच्या बोंडातून निघते, त्याच झाडाचे बोंड हिरवे असताना त्याला चिरा पाडल्या म्हणजे चीक गळतो. तो वाळला की अफू. या अफूपासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्ट्यूर्नर नावाच्या जर्मन औषधकाराने मॉर्फिन वेगळे काढले. कोडीन हे त्याच चिकातले. ट्रामाडॉल, फेंटानिल ही औषधे कारखान्यात होतात, पण गुणाने याच कुळातली. खसखस खुशाल खावी. जपायचे ते या औषधांना.

यांच्याविषयी आपण दोन तऱ्हांनी चुकतो. पहिली चूक भीतीची. घरात कर्करोगाचा रोगी रात्रभर कण्हत असतो आणि घरचे म्हणतात, "अफूचे औषध नको हो, सवय लागेल." अहो, अशा दुखण्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन म्हणजे रोग्यावर उपकारच. दुखणे उसळेपर्यंत थांबायचे नसते. सांगितलेल्या वेळी घड्याळ पाहून औषध द्यायचे असते. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे इस्पितळांना हे औषध ठेवणे फार जिकिरीचे झाले होते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ती वाट पुष्कळ सोपी झाली. तेव्हा डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका.

दुसरी चूक बेफिकिरीची. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या कित्येक बाया तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन कामाला जात. मूल गप्प निजे; पण त्यातले एखादे उठतच नसे. कारण हे औषध वेदना दाबते तसाच श्वासही मंद करते. शिवाय शरीर त्याला सरावते आणि मग तेवढ्याने भागत नाही. कापणीने कंबर धरली म्हणून शेजाऱ्याची उरलेली गोळी घेणे हा त्याच बाळगोळीचा नवा अवतार आहे. ट्रामाडॉलही २०१८ पासून त्या कायद्याखाली आले आहे, ते उगाच नव्हे.

मग वागावे कसे? गोळी किती, किती तासांनी आणि किती दिवस, हे डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. दमा, मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण असेल तर आधी सांगा. दारू किंवा झोपेच्या गोळ्या यांच्या जोडीला कदापि नकोत. गुंगी असेल तर ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवू नका, विहिरीच्या काठीही जाऊ नका. पोट हटकून बांधले जाते, त्याचे औषध बरोबरच मागून घ्या. पुष्कळ दिवस चाललेली गोळी एकाएकी तोडू नका. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवायची असते. बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीनचे खोकल्याचे औषध देऊ नका. गोळ्या पेटीत कुलपाखाली ठेवा.

माणूस हलवूनही जागा होत नाही, श्वास रेंगाळतो, घरघर लागते, ओठ निळे पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अशी लक्षणे दिसली तर "झोपू द्या त्याला" म्हणू नका. १०८ ला फोन करा, कुशीवर निजवा, तोंडात काही घालू नका. यावर उतारा आहे. त्याचे नाव नॅलॉक्सोन. तो वेळेत मिळाला पाहिजे.

आणि सवय लागलीच, तर ती लपवू नये. तो रोग आहे, त्यावर उपचार आहेत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करीत आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावात ज्यांना अक्षर लागत नाही, ते डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तुमच्याकडे येतात. ती नुसती वाचून देऊ नका. "दिवसातून किती वेळा? किती दिवस?" हे त्यांच्या तोंडून वदवून घ्या. तेवढ्यानेही एखाद्या घरातली वेदना कमी होईल आणि एखादा जीव वाचेल.