घरांतील लहरींची वांटणी

मोठ्या कुटुंबांत न्हाणीघर एकच असलें म्हणजे सकाळीं जो प्रसंग ओढवतो, तोच आज घरोघरच्या वाय-फाय जाळ्यावर ओढवत असतो. एका वाहिनीवर एका वेळीं एकानेंच बोलावें, इतरांनीं थांबावें, हा या जाळ्याचा मूळ नियम. पाळी प्रत्येकाला सारखी मिळते; पण ती सर्वांची सारखाच वेळ चालते असें नाहीं. सारी गोम येथेंच आहे.

श्रोत्यांनीं असें समजावें कीं, दिवाणखान्यांतील लॅपटॉप सेकंदाला ५४ मेगाबिट घेऊं शकतो आणि माजघरांतला आजोबांचा जुना फोन, मध्यें दोन भिंती असल्यामुळें, अवघे ६. दोघांना सारख्या आकाराचीं पुडकीं पाळीपाळीनें दिलीं, तर फोनचें एक पोंचेतों लॅपटॉपचीं नऊ पोंचलीं असतीं. किरकोळ घट सोडून हिशेब केला, तर दोघांच्याहि वांट्याला ५.४ मेगाबिटच येतात! ग्रेनोब्ल येथील संशोधकांनीं २००३ सालीं हा दोष मांडून दाखविला.

त्यावरील तोडगा म्हणजे कित्येक राउटरांत असणारी ‘एअरटाइम फेअरनेस’ ही सोय. तींत पुडक्यांऐवजीं वेळ सारखा वांटतात. मग लॅपटॉपला २७ आणि फोनला ३. एकूण काम १०.८ वरून ३० वर जातें. आंकडा पाहून हर्ष व्हावा खरा. परंतु ही समृद्धि आजोबांच्या पदरचें घेऊन आलेली असते. चपळ यंत्रें पांच झालीं कीं त्यांचा वांटा १ मेगाबिटवर येतो. सोय बंद असती तर तो पावणेचारांच्या वर राहता. नातवाचा चित्रपट झटकन उतरावा आणि आजोबांना परदेशांतील मुलीचा चेहरा थिजलेला दिसावा, याला न्याय म्हणावें काय? शिवाय राउटर स्वतः जें धाडतो तेवढ्याचीच वांटणी बहुधा त्याच्या हातीं असते.

२०२१ सालीं मान्य झालेल्या ‘वाय-फाय ६’च्या मानकांत निराळी युक्ति आहे. २० मेगाहर्ट्झची वाहिनी चिरून एकाच पाळींत नऊ यंत्रांपर्यंत बोलणें उरकतां येतें. लहानसहान निरोपांना ही ‘ओएफडीएमए’ सोयीची; जुन्या फोनला मात्र ती कळतच नाहीं.

तेव्हां ज्या घरीं मंद यंत्र म्हणजे केवळ एखादा विजेचा दिवा असेल, तेथें वेळेची वांटणी खुशाल चालू ठेवावी. तें यंत्र कोणाचा एकुलता आधार असेल, तर आधीं राउटरच माजघराच्या दाराशीं आणून पाहावा. तेथें फोनला ६ ऐवजीं २४ मेगाबिट मिळाले, तर जुन्या पाळीनेंहि दोघांना सोळांहून अधिक मिळतात.